दाढीखालचा रंग

चेहरा पिवळा पडला तर लोक कावीळ म्हणतात आणि मोकळे होतात. पांढरा पडला तर रक्त कमी आहे म्हणतात. लाल चेहऱ्याचं मात्र तसं नाही. त्याला ज्याच्या त्याच्या मनातलं कारण चिकटतं. पन्नाशीपर्यंत माझ्या गालांना चार कारणं चिकटली: लाज, राग, दारू आणि धर्म. ती कोणत्या क्रमानं आली ते पाहिलं, की माझ्या आयुष्याचा आणि आमच्या कल्याण-ठाणे पट्ट्याचाही थोडाफार इतिहास सांगून होतो.

आधी दुखणं काय ते सांगतो. दोन्ही कानांच्या पुढून जबड्यापर्यंत आणि तिथून मानेवर उतरणारा पट्टा. विटकरी लाल रंग आणि त्याच्यावर कडक चहाचा डाग पडावा तसा तपकिरी. हात फिरवला तर रव्यासारखे बारीक दाणे लागतात. खाज नाही, दुखणं नाही, पाणी येणं नाही. उन्हात, गर्दीत किंवा चारचौघांत बोलायची वेळ आली की लाली भडकते. सकाळी आठच्या लोकलमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम घडतात, त्यामुळे कल्याणला चढलेला माझा चेहरा आणि ठाण्याला उतरलेला माझा चेहरा यांत फरक पडे. दंडावर लहानपणापासून कायमचा काटा आलेला असे. थंडी वाजल्यावर येतो तसा, पण मे महिन्यातही. त्याचा आणि गालांचा काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

सुरुवात १९८९ मध्ये झाली, मी चौदा वर्षांचा असताना. आम्ही कल्याणचे जुने कोकणी. दूधनाक्याजवळ घर. घरात आमची बोली चाले, शाळा मराठी माध्यमाची, मदरशात उर्दू. (संवाद इथे साध्या मराठीतच देतो, आमची बोली कागदावर उतरवायला गेलं की ती ओळखू येत नाही.) अम्माला आधी आनंदच झाला. पोरगा अंगाला लागला, गाल लाल झाले. खाला म्हणाली, "मुलीसारखा लाजतो बघा." मग वर्षभरात लालीवर तपकिरी रंग चढला आणि कौतुक बंद झालं. मोहल्ल्यातल्या एका बाईंनी नजर काढली. दुसऱ्या एकीनं लिंबू आणि साय सांगितली. अब्बांना वाटलं की हे त्यांच्यामुळे झालं. ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. घरी येत तेव्हा नखांच्या कडेला कधी निळा, कधी किरमिजी रंग असे आणि आंघोळ करूनही तो निघत नसे. पुढे २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आश्चर्य वाटलं. आम्हाला वाटलं नाही. आमच्या घरच्या टॉवेलवर ते रंग आधीच येऊन गेले होते. अब्बांनी त्या काळात माझ्या गालावरून हात फिरवणं बंद केलं. माझ्या दुखण्यात त्यांच्या रंगाचा काही दोष नव्हता, हे त्यांना नंतर एका डॉक्टरनं सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे.

भिवंडीच्या एका हकीमसाहेबांकडे अब्बा मला घेऊन गेले. त्यांनी "कलफ" असं निदान केलं. हा अरबी वैद्यकातला शब्द, चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी. इब्न सिनाच्या 'अल-कानून'च्या चौथ्या ग्रंथात केस, त्वचा आणि वर्ण यांच्यासाठी स्वतंत्र भाग आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही माणसं हीच तक्रार घेऊन हकिमाच्या दारात जात होती. मराठीत आपण वांग म्हणतो. आयुर्वेदानं त्याला व्यंग म्हटलं. आणि व्यंग म्हणजे मराठीत काय, ते सांगायला नको. एका शब्दात रोगही आला आणि रोग्याबद्दलचं मतही. पण माझा कलफही नव्हता आणि वांगही नव्हता. वांग सहसा गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, ओठांच्या वर येतो. माझा पट्टा कानापासून सुरू होत होता. हकीमसाहेबांनी मुलतानी माती आणि एक काढा दिला. काढा कडू होता, एवढंच आठवतं.

मोठी भीती वेगळीच होती आणि ती कुणी तोंडावर बोलत नव्हतं. कल्याणला पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. गजानन माने यांनी तिथल्या लोकांसाठी अनेक वर्षं काम केलं आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता ती वसाहत लोकांना अभिमानाची वाटते. माझ्या लहानपणी तिचं नाव मुलांना घाबरवायला घेत. लालसर चट्टा, तोही न दुखणारा, न खाजणारा, म्हणजे काय ते शेजाऱ्यांनी आपसांत ठरवलं होतं. आमच्या घरी पाण्याचा ग्लास न उचलणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली तेव्हा अम्माच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिनं काचेचे ग्लास काढून ठेवले आणि सगळ्यांना स्टीलचे देऊ लागली. त्यामागचं गणित मला आजही नीट उलगडलेलं नाही. कदाचित काचेत पाणी तसंच राहिलेलं दिसतं, स्टीलमध्ये दिसत नाही.

दाढी आली १९९४-९५ च्या सुमाराला. मुद्दाम ठेवली म्हणण्यापेक्षा काढली नाही म्हणणं बरोबर. वस्तरा फिरला की दाणे सोलले जात आणि आग होई. चार आठवडे तसंच राहू दिल्यावर आरशात पाहिलं तर पट्ट्याचा तीन चतुर्थांश भाग झाकला गेला होता. अल्लाहनं माझ्या रोगाच्या मापाचा पडदा माझ्याच गालावर उगवला होता. त्या दिवशी किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही.

पण वर्षं कोणती होती ते पाहा. मुंबईची दंगल नुकतीच होऊन गेली होती. भायखळा, डोंगरी, जोगेश्वरीतून उठलेली माणसं मुंब्र्याला येऊन बसत होती आणि पारसिकच्या बोगद्याअलीकडचं ते गाव बघता बघता शहर होत होतं. अशा वेळी कल्याणच्या एका मराठी बोलणाऱ्या, शर्ट-पँट घालणाऱ्या मुलानं दाढी वाढवली. कॉलेजातला एक जवळचा मित्र म्हणाला, "काय रे, तू पण?" या 'पण'मध्ये सगळं होतं. इकडे मशिदीत एका बुजुर्गांनी मिठी मारली, "माशाअल्लाह, बेटा, सुन्नत जिंदा केलीस." मला दोघांचंही काही करता येत नव्हतं. मित्राला सांगावं तर चट्ट्याची कहाणी सांगावी लागणार. बुजुर्गांना सांगावं तर त्यांचा आनंद जाणार. मी दोन्हीकडे हसलो.

निदान १९९८ मध्ये झालं, सायनला, लोकमान्य टिळक रुग्णालयात. मध्य रेल्वेवरच्या माणसाचं दुखणं अंबरनाथ, कल्याण, कळवा असं थांबत थांबत शेवटी सायनला जातं. विभागाच्या पाटीवर त्वचा व गुप्तरोग असं दोन्ही एकत्र होतं. ज्यानं ही दोन खाती एका पाटीवर आणली, त्याला आपल्याकडच्या नातेवाइकांची कल्पना नसावी. मी रांगेत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून उभा होतो आणि आजूबाजूला आणखी सात-आठ जण तसेच.

तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. घाईत होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. आधी कापसाचा बोळा घेऊन डोळे मिटायला सांगितलं आणि गालावर कुठे कुठे लागतंय ते विचारलं. सगळीकडे लागत होतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. मग कानाच्या पाळ्या चाचपल्या. "तो नाही," त्या म्हणाल्या. कोणता 'तो' ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नऊ वर्षं घरात बसलेला माणूस उठून गेल्यासारखं झालं.

मग प्रश्न. अत्तर लावता? खिजाब लावता? घरी कुणी काळी मेंदी वापरतं? हे प्रश्न का, ते मला नंतर वाचून कळलं, आणि आपल्या वाचकांना ते कळलेलं बरं म्हणून सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, व्हिएन्नाच्या रील नावाच्या डॉक्टरांनी चेहरा आणि मान काळवंडलेले रुग्ण नोंदवले. त्यावरून त्या दुखण्याला रीलचं नाव पडलं. पुढे जपानमध्ये कितीतरी बायकांचे चेहरे असेच काळवंडले, तेव्हा शोध घेता घेता सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगापर्यंत आणि सुगंधापर्यंत माग गेला. आपल्याकडे कुंकवातले, केसांच्या कलपातले आणि सुगंधातले घटक हेच करू शकतात. काही सुगंधी तेलं अंगावर असताना ऊन लागलं, तर ओघळ जिथे गेला तिथे डाग उमटतो. काळी मेंदी म्हणून जी विकतात तिचा काळेपणा मेंदीचा नसतो, केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो. मेंदी बिचारी केशरी-तपकिरीच असते. माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. दिवसातून किती वेळा तोंड धुता, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, पाच. त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "पाण्यानं काही बिघडत नाही. घासू मात्र नका."

शेवटी त्यांनी एक काचेची पट्टी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती, आणि ती माझ्या कानापुढे दाबून धरली. एका विद्यार्थ्याला जवळ बोलावलं. "बघ, लाल गेला. तपकिरी राहिला." मग माझ्या हातात आरसा दिला. काचेखाली माझा गाल लाल नव्हता. दाबल्यामुळे रक्त सरकलं होतं आणि मागे फक्त रंगद्रव्य उरलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर एक नाही, तीन गोष्टी एकावर एक बसल्या होत्या: फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची लाली, कातडीत वाढलेला तपकिरी रंग आणि केसांच्या मुळाशी अडकलेल्या केराटिनचे दाणे. दंडावरचा काटा तोच. दोन्ही एकाच घरातले.

नाव त्यांनी केसपेपरवर लिहिलं आणि मी ते पाठ केलं: एरिथ्रोमेलॅनोसिस फॉलिक्युलॅरिस फेसिआय एट कोलाय. ग्रीक आणि लॅटिनची खिचडी. लाल-काळेपणा, केसांच्या मुळांचा, चेहऱ्याचा आणि मानेचा. म्हणजे माझ्या अम्मालाही दिसत होतं तेच, फक्त परक्या भाषेत. १९६० साली जपानच्या कितामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुखणं पहिल्यांदा वेगळं ओळखलं आणि एका जर्मन नियतकालिकात मांडलं. सुरुवातीला हा जपानी तरुण पुरुषांचाच आजार समजत. नंतर बायकांत सापडला, इतर देशांत सापडला. २००८ मध्ये दिल्लीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्याकडच्या रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. दुर्मीळ म्हणतात, पण मला वाटतं, सावळ्या कातडीवर तो वांगातच मोजला जातो, म्हणून दुर्मीळ. कधीकधी एकाच घरात दोघांना होतो. कारण पक्कं माहीत नाही. जिवाला धोका नाही. उन्हापासून जपणं, दाणे मऊ करणारी मलमं, व्हिटॅमिन एच्या जातीतली औषधं, अलीकडे लेसर. थोडा उतार पडतो, थांबवलं की पुन्हा येतो. बाई म्हणाल्या, "हा बरा करण्यापेक्षा सांभाळायचा आजार आहे." नाव मिळालं म्हणून गाल बदलले नाहीत. पण घरी आल्यावर मी अम्माला म्हटलं, काचेचे ग्लास काढ.

१९९९ पासून मी विज्ञान शिकवू लागलो. वर्गात तिसरं कारण, म्हणजे राग, चांगलंच उपयोगी पडलं. फळ्यावर लिहून वळलो की लाली चढलेली असे आणि मागची बाकं आपोआप गप्प होत. चौथं कारण, दारूचं, शिक्षकांच्या खोलीत निघालं. एका सहकाऱ्यानं दुसऱ्याला विचारलं, "यांच्यात चालतं का हो? गाल बघितलेत?" ज्याला हराम म्हणून कधी वासही घेतला नाही, त्याचा आरोप गाल वाहत होते. हे मला विनोदी वाटतं. तेव्हाही वाटलं होतं.

दाढीचं तसं नव्हतं. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्थानकात कर्जतला जाणाऱ्या गाडीत स्फोट झाला. ती आमची गाडी. आमच्याच लाइनवरची, रोजची. त्यातली माणसं आमच्यासारखीच डबा घेऊन घरी निघालेली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात पत्त्यांचा डाव मांडला गेला नाही आणि माझ्या शेजारची चौथी सीट डोंबिवली गेल्यानंतरही रिकामी राहिली. डोंबिवलीनंतर रिकामी सीट! ज्यानं या गाडीनं प्रवास केला आहे त्याला हे वाक्य कळेल. ठाण्याच्या पुलावर दोनदा पिशवी उघडून दाखवली. आत उत्तरपत्रिका आणि भेंडीची भाजी. मग ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेचे स्फोट. त्यानंतरच्या एका आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. भले गृहस्थ. खुर्ची दिली, चहा मागवला. "सर, गैरसमज नको. काही पालक विचारतात. थोडी बारीक केलीत तर?"

मी पाकिटातून तो केसपेपर काढला. घडीवर फाटला होता. त्यांना तो समजावून सांगितला, मान वर करून खालचा पट्टाही दाखवला. त्यांचा चेहरा असा उजळला! "अहो, मग आधी सांगायचं ना! त्वचेचं आहे होय. मला वाटलं..." आणि त्यांनी वाक्य चहात बुडवलं. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. पुढच्या पालक सभेत त्यांनी कुणाला तरी हळूच सांगितलंही असावं, कारण एका आईनं मला कोरफडीचा गर आणून दिला.

मी मात्र घरी येताना डब्यात उभा राहून विचार करत होतो. रोगासाठी वाढवलेली दाढी त्यांना चालत होती. श्रद्धेसाठी वाढवलेली चालली नसती. माझ्या गालावर जे केस होते ते तेच, तेवढेच. पण कागद दाखवल्यावर ते निरुपद्रवी झाले. माझ्या चुलत्यांची दाढी छातीपर्यंत होती, त्यांनी आयुष्यभर कल्याणच्या भाजीबाजारात प्रामाणिकपणे माप टाकलं. त्यांच्याकडे असा कागद नव्हता. मी निरोगी असतो तर माझ्याकडेही नसता. तो केसपेपर त्यानंतर मी कुणाला दाखवला नाही. आता दाढी कशासाठी आहे असं विचारलं तर मला एका शब्दात सांगता यायचं नाही. रोगाची होती, मग हट्टाची झाली, गेली काही वर्षं वुजू करताना तिच्यातून ओली बोटं फिरवतो तेव्हा ती आणखी कशाची तरी असते. ते माझं आणि माझ्या निर्मात्याचं आहे.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात मला नेहमी गमतीची वाटते. आमच्या मशिदीत कितीतरी जणांच्या कपाळावर सज्द्याचा काळा गट्टा आहे. वैद्यकाच्या दृष्टीनं तोही घर्षणानं जाड आणि काळी झालेली त्वचाच. पण त्या डागापुढे लोक वाकतात. माझ्या गालाचा डाग दोन इंच खाली आणि चार इंच बाजूला सरकला, एवढाच काय तो फरक.

हे सगळं पुरुषाचं झालं. पुरुषाला दाढी असते. माझ्या धाकट्या बहिणीला नव्हती. तिलाही तेच, तेवढंच, त्याच जागी. तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो २००२ मध्ये. बायोडेटात 'रंग' नावाचा एक रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ यांपैकी एक लिहायचं. लाल-तपकिरी असा पर्याय नाही. टीव्हीवर तेव्हा गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत मुलीला नोकरीही मिळे आणि नवराही. (१९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'नं आपलं नाव २०२० मध्ये बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. रकाना मात्र तोच आहे.)

कुणीतरी तिला एक ट्यूब सांगितली. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत होती. पंधरा दिवसांत गाल गुळगुळीत, लाली गायब, रंग दोन छटा वर. सगळं घर खूश. "नूर आला चेहऱ्यावर," खाला म्हणाली. त्या नूराच्या चेहऱ्यानं फोटो काढला आणि त्या फोटोवर मंगनी ठरली. मला ट्यूबबद्दल कळलं तेव्हा ती नववी होती. तोवर ती एक दिवस लावायची विसरली की गाल भाजल्यासारखे जळत. हनुवटीवर लव उगवली होती, पुटकुळ्या आल्या होत्या आणि कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत. चुलीजवळ उभं राहता येईना. मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली: स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. तिघांचं हे मिश्रण अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये सांगितलं होतं, वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या काळासाठी. आपल्याकडे ते गोरेपणाचं क्रीम झालं.

ठाण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की अशा मुली त्यांच्याकडे रोज येतात. २०११ साली देशभरातल्या बारा केंद्रांतला अभ्यास प्रसिद्ध झाला: चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडचं मलम चेहऱ्याला लावत होते. म्हणजे दर सात माणसांत एक. २०१८ मध्ये सरकारनं अशा चौदा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली. कागदोपत्री. आणि स्टिरॉइडच एकटा नाही. अकोल्यातली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींचे मूत्रपिंड बिघडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा घरात वापरल्या जाणाऱ्या गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीची ही बातमी. पारा रंग उजळतो, कारण तो रंगद्रव्य बनूच देत नाही. नंतर तो कातडीतून आत जातो.

बहिणीला ती ट्यूब एकदम सोडता आली नाही. डॉक्टरांनी सौम्य औषधावर आणून हळूहळू उतरवलं. आठ महिने. त्या आठ महिन्यांत तिचा चेहरा पहिल्यापेक्षा लाल होता. मुलाच्या घरचे ईदला आले, शीरखुर्मा घेतला, तिच्याकडे पाहिलं. आठवड्यानं निरोप आला की मुलगा अजून पुढे शिकणार आहे. मंगनीच्या साड्या आणि अंगठी परत पाठवायला अब्बा स्वतः गेले. परत आले ते पायीच आले, स्टेशनापासून, रिक्षा न करता. अम्मानं दार उघडलं. कुणी काही विचारलं नाही.

बहिणीनं बी.एड. केलं, ती मुंब्र्याला शिकवू लागली आणि २००७ मध्ये तिचं लग्न झालं. या वेळी तिनं बायोडेटातला तो रकाना कोरा ठेवला आणि फोटो काढताना पावडरही लावू दिली नाही. आमचे मेहुणे दुकानदार माणूस. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "हे दुखतं का?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मग ठीक." एवढंच. मी या माणसाला आयुष्यभर मानत आलो आहे.

त्यांची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या कानांपुढे लाली दिसू लागली. बहीण तिला घेऊन डोंबिवलीला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. मी सोबत होतो. डॉक्टर नवे, तरुण, चांगले. त्यांनी भिंगातून पाहिलं, दंड पाहिले, आईचे गाल पाहिले, माझ्याकडेही बघून मान हलवली. सनस्क्रीन आणि युरियाचं मलम लिहिलं. बहिणीनं खालच्या दुकानातून दोन्ही ट्यूब घेतल्या, पैसे देण्याआधी चष्मा लावला आणि काउंटरवर उभं राहून प्रत्येकीच्या मागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दुकानदार म्हणाला, "ताई, चांगल्या कंपनीचं आहे." तिनं ऐकलं नाही. मागे रांग लागली. एक-दोघे कुरकुरले. भाची लाजून लाल झाली होती. किंवा लाजली नसेलही. तिच्या बाबतीत आता नक्की सांगता येणार नाही.